पहिला मान जुन्या सर्व्हरला

आमच्या ऑफिसात दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा व्हायची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसण्यासारखं काही नाही.

मी शालन. ठाण्याला एका इंडस्ट्रियल गाळ्यात आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. खाली पत्रा कापायचा कारखाना, वर आम्ही. दिवसभर खालून असा आवाज यायचा की फोनवर ओरडून बोलायची सवयच लागलेली. घरी आई म्हणायची, हळू बोल, मी काय अमेरिकेत बसलेय? मालक दामाजी सर. ते आमच्याच समाजातले. वडिलांची होडी होती खाडीत, मुलगा शिकला, आखातात जाऊन आला आणि कंपनी काढली. मला नोकरी मिळाली ती शिकले म्हणून, पण कळव्याच्या कोळ्याची पोर म्हणून जरा पटकन मिळाली. ते मी कशाला नाकारू?

नव्याण्णव साल होतं. दोन हजार साल लागलं की जुने कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून सगळीकडे बोंब चाललेली, आणि त्या बोंबेवर आमच्यासारख्यांची पोटं भरत होती. एका ट्रस्टचं कल्याणला मोठं हॉस्पिटल होतं, ठाण्याला छोटा दवाखाना, आणि रक्तपेढी डोंबिवलीच्या बाहेर, शीळफाट्याकडे जाणाऱ्या रोडवर. त्यांचं सगळं सॉफ्टवेअर आम्ही नव्याने केलेलं. बिलं, औषधं, खाटा, रक्त, प्रत्येकाचा वेगळा प्रोग्रॅम. हे सगळे प्रोग्रॅम आमच्या ऑफिसातल्या दोन सर्व्हरवर चालायचे, एक जुना आणि एक नवा. हॉस्पिटलच्या काउंटरवर फक्त स्क्रीन. मधे टेलिफोनची लाइन.

आता एवढं एकच समजून घ्या, मग मी कॉम्प्युटरचं फार काही बोलत नाही. कल्याणच्या काउंटरवर कोणी रक्ताची चौकशी केली, तर रक्ताचा प्रोग्रॅम कुठल्या सर्व्हरवर बसलाय हे त्या स्क्रीनला माहीत नसतं. ती आधी एका ठिकाणी विचारते. त्याला आम्ही रजिस्ट्री म्हणायचो. स्टेशनवर चौकशीची खिडकी असते ना, तसं. प्रत्येक प्रोग्रॅम चालू झाला की पहिल्यांदा रजिस्ट्रीत जाऊन आपलं नाव-पत्ता नोंदवतो. नोंद असेल तर रजिस्ट्री पत्ता देते. नोंद नसेल तर म्हणते, या नावाचं इथं कोणी नाही. मग तो प्रोग्रॅम आत बसून कितीही ठणठणीत काम करत असो, बाहेरच्यांसाठी तो मेलेला.

म्हणून रजिस्ट्री सगळ्यांच्या आधी चालू पाहिजे. रजिस्ट्री होती नव्या सर्व्हरवर. बिलं, औषधं, खाटा पण नव्यावर. जुन्यावर एकटं रक्त, कारण ते सगळ्यात शेवटी हलवायचं ठरलेलं. तेव्हा आधी नवा चालू करायचा, तो पूर्ण उठला की मग जुना. हे मी मोठ्या अक्षरात लिहून सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवलेलं. मराठीत लिहिलेलं, म्हणजे नंतर कोणी इंग्लिश कळलं नाही म्हणायला नको.

आणि एक भानगड होती, शून्याची. रजिस्ट्री जेव्हा 'इथं कोणी नाही' म्हणते, तेव्हा स्क्रीनवर काय दाखवायचं? पहिल्यांदा लाल अक्षरात इंग्लिशमधून चार ओळींची एरर यायची. काउंटरवरच्या बाया घाबरायच्या आणि पेशंटचे नातेवाईक त्यांच्या अंगावर जायचे. ट्रस्टच्या मॅनेजरने मीटिंगमधे टेबलावर हात आपटला, 'ते लाल लाल काही दिसता कामा नये.' दामाजी सर लगेच म्हणाले, 'नाही दिसणार साहेब.' आमच्याकडे कान्हा म्हणून एक पोरगा होता, हुशार, कधी एकदा अमेरिकेला जातो असं झालेलं त्याला. त्याने दोन मिनिटांत काम उरकलं. काहीही बिघडलं, उत्तर आलं नाही, पत्ता मिळाला नाही, की आकडा शून्य दाखवायचा. स्क्रीन कशी शांत, सुंदर.

मी तेव्हाच भांडलेले. म्हटलं, 'अरे, शून्य म्हणजे नाही. आणि हे म्हणजे माहीत नाही. दोन्ही एक कसं?' कान्हा म्हणाला, 'व्हर्जन टूमधे करू ना यार.' सर म्हणाले, 'शालन, सारखी काय गं कटकट?' महिन्याभरात कान्हा गेला न्यू जर्सीला. आणि व्हर्जन टू? कसलं व्हर्जन टू नि काय.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच मालनताईला कल्याणला ॲडमिट केलेलं. माझी सख्खी मोठी बहीण. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. खरं तर कळव्यात, आमच्या घराजवळच चांगलं हॉस्पिटल आहे. तिच्या नवऱ्याचं नाव उत्तम, आम्ही भावजी म्हणतो, ते दिवा स्टेशनजवळ भाड्याने राहायचे. तेही म्हणत होते, जवळचं काय वाईट आहे? पण आईने ऐकलं नाही. आमच्या आईचं नाव मनुबाई, आणि एकदा तिने ठरवलं की देवसुद्धा मधे पडत नाही. म्हणाली, 'कल्याणलाच नेवाची. तिथं आपल्या शालनचा कॉम्प्युटर हाय.' मासे विकताना गिऱ्हाइकांना सांगायची, मोठ्या हॉस्पिटलचं सगळं आमची शालन चालवते. मी तिला कितीदा म्हटलं, आई, मी चालवत नाही, मी फक्त बिघडलं तर बघते. तिला त्यात फरकच वाटायचा नाही.

मला ताईजवळ थांबायचं होतं. पण सर म्हणाले, वर्षाचा सण आहे, पूजा करून जा, दुपारी सोडतो. हॉस्पिटलला कळवून ठेवलेलं की पूजेपुरती सिस्टिम बंद राहील, तेवढा वेळ कागदावर चालवा.

दोन्ही सर्व्हर बंद केले, पुसले. हळदकुंकू, झेंडूचे हार, समोर समई. भटजी आलेले. खालचे कारखान्यातले लोक पण वर आलेले प्रसादाला. मग सर नारळ घेऊन जुन्या सर्व्हरसमोर उभे राहिले. मी पटकन पुढं झाले.

'सर, नवा आधी.'

'का गं?'

'दारावर लिहिलंय, सर. रजिस्ट्री नव्यावर आहे.'

सर हसले. सगळ्यांकडे बघून म्हणाले, 'ही बघा, कोळ्याची पोर! अगं, आमच्यात दसऱ्याला होड्या पुजतात तेव्हा पहिला नारळ कुठल्या होडीला? सगळ्यात म्हाताऱ्या होडीला. ती पाण्यात चालो नाहीतर काठावर पडून राहो. या मशीनवर कंपनी उभी राहिली. याला डावलून कालच्या पोराला मान देऊ?'

सगळे हसले. खरं सांगते, मला पण क्षणभर ते पटलं, कारण आमच्या घरी हेच चालतं. माझ्या आजोबांची फुटकी होडी होती, तिला पहिला हार पडायचा आणि मग वडलांच्या होडीला. पण मी म्हटलं, 'सर, मान द्या ना. नारळ जुन्याला आधी फोडा. बटण तेवढं नव्याचं आधी दाबा.'

'बटण दाबणं हाच मान,' सर म्हणाले, आणि जुन्याचं बटण दाबलं. टाळ्या. मग नव्याचं.

मी म्हटलं, 'ठीक आहे, आता मी रक्ताचं तेवढं बघते. नाव लागलं नसेल तर जुना परत एकदा चालू करावा लागेल.' खुर्ची ओढली तर सरांनी हात आडवा घातला. 'आरती झाल्याशिवाय कोणी मशीनसमोर बसायचं नाही. आणि समई आहे तोवर बंदबिंद काही करायचं नाही, अपशकुन असतो. बिलं येतायत ना? बघ, येतायत. मग झालं तर.'

बिलं येणारच. बिलं नव्यावर होती.

आरती सुरू झाली. एक झाली, दुसरी झाली, कारखान्यातल्या एकाचा गळा चांगला होता, त्याला आणखी दोन म्हणायला लावल्या. मी टाळ्या वाजवत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. तेवढ्यात फोन वाजला. मी जवळ होते, मीच घेतला. आई होती, हॉस्पिटलच्या बाहेरच्या बूथवरून.

'आगो शालन, मालनला पोरगी झाली.'

'अगं बाई!' मी ओरडलेच.

'पन रगत थांबत नाय गो. डॉक्टर बोलतान रगत चढवाला पायजे. तिचा तो निगेटिव्ह हाय ना, तो इथं नाय. डोंबिवलीला पन नाय. कॉम्प्युटरवर बघितला त्यांनी. उत्तमला ठाण्याला धाडलाय, कोणाची तरी मोटरसायकल घेऊन.' मग जरा थांबून म्हणाली, 'तुझ्या कॉम्प्युटरला सांग ना गो बाय.'

मी विचारलं, 'कॉम्प्युटरवर कधी बघितलं?' आई म्हणाली, आत्ताच मघाशी, बंद होता तो चालू झाल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, सरळ रक्तपेढीला फोन करायचा. केला ना! पहिला तोच केला. ऑपरेटरने उचलला. मी म्हटलं, बी निगेटिव्ह आहे का, लवकर सांगा. तो म्हणाला, 'मॅडम, स्टॉक फोनवर सांगत नाही. कॉम्प्युटरवर बघायचा.' ट्रस्टनेच तो नियम केलेला. आधी नगरसेवकाच्या माणसापासून डॉक्टरच्या मेव्हण्यापर्यंत सगळे फोन करून वशिल्याने बाटल्या अडवून ठेवायचे. ते बंद व्हावं म्हणूनच कॉम्प्युटर आणलेला, पेढीत आतला फोन काढून टाकलेला, बाहेर एक ऑपरेटर तेवढा ठेवलेला. नियम चांगला होता, मी स्वतः त्याची तारीफ केलेली. मी ओरडले, 'अहो, कॉम्प्युटरवाली मीच बोलतेय! कॉम्प्युटर चुकतोय! आत जाऊन बघून या!' तो म्हणाला, 'सगळे असंच काही ना काही सांगतात मॅडम.' आणि ठेवला. परत लावला तर एंगेज. परत लावला, एंगेज. कल्याणच्या काउंटरला लावला, तोही एंगेज.

आरती थांबलेली. मी सरांना म्हटलं, 'रक्ताची नोंद झालेली नाही. माझी बहीण तिकडं मरतेय.' सर घाबरले, पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली. 'लाइन बघ आधी,' म्हणाले. 'डोंबिवलीची लाइन गेली असणार.' कारण लाइन सारखी जायची, दर आठवड्याला आमचं टेलिफोनवाल्यांशी भांडण. काहीही बिघडो, आमच्याकडे पहिल्यांदा लाइनला शिव्या. मी म्हटलं, लाइनचं नाहीये हे. ते ऐकेनात. टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला, सुट्टीच्या दिवशी कोण उचलतंय? एकाने कसाबसा उचलला, तर सर त्याच्याशी भांडत बसले, आणि मला म्हणाले, 'तू तपासून दाखव ना, लाइन ठीक आहे ते.'

दाखवलं. डोंबिवलीची स्क्रीन उत्तर देत होती, कल्याणची देत होती. बघा सर, लाइन चांगली आहे. मग म्हणाले, रक्ताचा प्रोग्रॅम बंद पडला असेल. तोही दाखवला. चालू. मजेत चालू, जुन्या सर्व्हरवर हार गळ्यात घालून बसलेला. मग मी रजिस्ट्रीतली सगळी नावं पडद्यावर काढली. बिलं. औषधं. खाटा. बस. रक्ताचं नाव नाही. जुना सर्व्हर आधी उठला, रजिस्ट्रीकडे गेला, ती अजून उघडलीच नव्हती, मग हा गुपचूप परत येऊन आपल्या जागेवर बसला. पुन्हा जाऊन विचारायचं त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

'जुना बंद करते,' मी म्हटलं.

सरांनी समईकडे बघितलं. भटजी म्हणाले, 'थोडं थांबता आलं तर...' मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ब्राह्मणाला बोलले, दसऱ्याला बोलले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. रक्ताचा प्रोग्रॅम नुसता बंद करून चालू करता येत नव्हता, त्या मशीनवर सगळं एकत्र उठायचं. बंद केला, चालू केला. म्हातारं मशीन. एकेक करत सगळं तपासत उठायचं, मधेच डिस्क मोजत बसायचं. मी त्याच्यासमोर उभी राहून, 'ऊठ रे मेल्या, ऊठ,' म्हणत होते. खाली प्रसादाची पंगत बसलेली, वाढप्यांचा आवाज येत होता.

शेवटी रजिस्ट्रीत चौथं नाव आलं. मी कल्याणच्या काउंटरला फोन लावला. तिथं हेमा म्हणून ओळखीची मुलगी होती. म्हटलं, 'हेमा, बी निगेटिव्ह परत बघ.'

'अगं मघाशी बघितलं मी, शून्य—' आणि मग तिने परत बटणं दाबलेली ऐकू आली. 'शालन, दोन दिसतायत. डोंबिवलीला दोन बाटल्या आहेत.'

'गाडी पाठव. आत्ताच्या आत्ता.'

'पाठवते. अगं पण मघाशी खरंच शून्य होतं गं, देवाशपथ!'

मी धावत खाली उतरले आणि रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, कल्याणला नाही जमणार, रिकामं परत यावं लागतं. मी नुसती रडायला लागले तर म्हणाला, बसा ताई. रस्त्यात जागोजाग देवीच्या मिरवणुका, ढोल, गुलाल. मी पूर्ण वाट मनात हिशेब करत होते. गाडी डोंबिवलीला पोचली असेल. बाटल्या घेतल्या असतील. निघाली असेल. पोचली असेल. आता चढवत असतील. शीळफाट्याला आम्ही अडकलो तेव्हासुद्धा मला वाटत होतं, ताईला चढतंय रक्त, मी उगाच घाबरतेय.

मी पोचले तेव्हा बाटल्या आलेल्या होत्या. बर्फाच्या डब्यात, नर्सच्या टेबलावर. कोणी त्यांना हात लावत नव्हतं.

आई बाहेर बाकावर बसलेली, मांडीवर कापडात गुंडाळलेलं पोर. मला बघून उठली नाही. 'गेली गो,' म्हणाली. 'आत्ता गेली.' मी आत गेले. ताईचा चेहरा पिठासारखा पांढरा झालेला. केस तेवढे नीट विंचरलेले होते, सकाळी आईने वेणी घालून दिलेली. मी तिचा हात धरला आणि मोठमोठ्याने रडले, लाज नाही, काही नाही.

मग भावजी आले. ठाण्यात तीन ठिकाणी फिरून एक बाटली मिळवलेली, शर्टाच्या आत धरून आणलेली. कपाळावर कोणाचा तरी गुलाल उडालेला. ते जिना चढताना विचारत होते, 'कुठं द्यायची? कुठं द्यायची ही?' शेवटी हेमाने त्यांच्या हातातून घेतली आणि त्या दोन बाटल्यांच्या शेजारी ठेवली.

तिसऱ्या दिवशी दामाजी सर घरी आले. आईच्या पायाशी बसले, रडले. खोटं रडत नव्हते, ते मी सांगते. आईला म्हणाले, 'मावशी, काय करणार? रक्तच नव्हतं कुठं. देवाची मर्जी.' आई म्हणाली, 'व्हय, नव्हता. सगलीकडं बघितला त्यांनी.' आणि तिला त्यात जरा बरं वाटल्यासारखं झालं, ते मला दिसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरांना बाहेर गल्लीत नेलं.

'काय म्हणालात आईला?'

'मग काय सांगू?' सर म्हणाले. 'ट्रस्टला मी लाइनचं सांगितलंय. लाइन गेलेली. हे बाहेर गेलं तर कंपनी बंद, सगळी पोरं रस्त्यावर. आणि तुझी बहीण परत येणार आहे का?' मग हात जोडून म्हणाले, 'मला काय माहीत होतं गं शालन?'

'दारावर लिहिलेलं होतं, सर,' मी म्हटलं.

ते दाराकडे वळले. मग चपला घालून गेले.

ताईचं दिवसकार्य झाल्यावर मी ऑफिसात गेले, कोणाला न विचारता ते शून्य काढून टाकलं. पत्ता मिळाला नाही तर स्क्रीनवर यायला लागलं, 'माहिती मिळू शकली नाही. समक्ष चौकशी करा.' लाल अक्षरात. मोठ्या. मॅनेजरचा फोन आला. मी त्याला म्हटलं, लालच राहणार, काय करायचं ते करा. त्यानंतर मी ती नोकरी सोडली. पण त्याने पोटातली आग काय विझते? मला वाटायचं, घरच्यांना खरं कळलं पाहिजे. ताईला देवाने नाही नेलं. तिला माणसांनी मारलं, आरती म्हणत म्हणत मारलं. आणि आमचे लोक देवाची मर्जी म्हणून गप्प बसणार? आधी भावजींना सांगायचं ठरवलं. तिचा नवरा, पहिला हक्क त्यांचा. मग आम्ही दोघं मिळून आईला सांगू, मग ट्रस्टच्या दारात जाऊन उभे राहू, असं सगळं मी डोक्यात जुळवलेलं.

रविवारी दिव्याला गेले. आई पोरीला घेऊन तिथंच होती, भावजींना सोबत म्हणून. नळाला नुकतंच पाणी आलेलं, दिव्याला पाणी आलं की सगळी कामं बाजूला. आई मोरीत पिंप भरत होती, पोर झोळीत झोपलेलं. भावजी दारात खुर्चीवर बसलेले, दाढी वाढलेली. मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले आणि सांगून टाकलं.

'भावजी, रक्त होतं. डोंबिवलीला दोन बाटल्या होत्या, पहिल्यापासून होत्या. कॉम्प्युटरने खोटं दाखवलं.' मग सगळं सांगितलं, नारळ, बटण, आरती, सरांची लाइन, सगळं. मला वाटलं ते उठतील, ओरडतील, निदान शिवी तरी देतील. मी त्याच तयारीने आलेले.

त्यांनी एवढंच विचारलं, 'डोंबिवलीला कुठं?'

'शीळ रोडला. ती पेढी आहे ना, निळ्या गेटची.'

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग अगदी हळू बोलायला लागले.

'मी तिथं उभा होतो. मिरवणूक होती ना, रस्ता बंद केलेला. बाईक बंद करून उभा होतो त्या गेटसमोर. बराच वेळ. रक्तपेढीची पाटी वाचली मी. वॉचमन पण होता. मनात आलं, जाऊन एकदा विचारू या. उतरलो पण होतो बाईकवरून.' त्यांनी तोंडावरून हात फिरवला. 'मग म्हटलं नको, उगाच टाइम जाईल. शालनच्या कॉम्प्युटरवर बघितलंय त्यांनी. शालनचं काम म्हणजे पक्कं असतं.'

मी न्याय घेऊन आलेले ना त्यांच्याकडे? आणि देऊन काय बसले तर हे. आता जन्मभर हा माणूस त्या गेटसमोर बाईक बंद करून उभा राहणार.

मोरीतला नळ बंद झाला. आई ओले हात लुगड्याला पुसत बाहेर आली. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, 'काय झाला गो? काय बोलतेस त्याला?'

भावजीच बोलले.

'काय नाय आई,' ते म्हणाले. 'शालन सांगतेय, तिने परत सगळं तपासून बघितलं. रक्त नव्हतंच कुठं.'

आई माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण वाट बघत होती, मी काय म्हणते त्याची. 'खराच नव्हता ना गो?'

'नव्हतं आई,' मी म्हटलं.